सवय होती, सवय आहे, सवय लागते आहे
वाचकांचे प्रश्न : इंग्रजी व्याकरण

‘यूज्ड टु’ आणि तिच्या भावंडांविषयी बरीच पत्रे साठल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर सवयी सांगणाऱ्या इंग्रजी रचनांना दिले आहे. इंग्रजी वाक्ये नेहमीप्रमाणे देवनागरीतच छापली आहेत.

प्रश्न : मी सेवानिवृत्त बँक कर्मचारी असून सांगलीस राहतो. परदेशात वाढलेल्या नातवाशी फोनवर बोलताना मी ‘आय यूज टु गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’ असे म्हणालो, तेव्हा त्याने ‘आजोबा, मग आता का जात नाही?’ असे विचारले. मी तर आजही रोज जातो. माझ्या वाक्यात काय चुकले?

उत्तर : नातवाने जे ऐकले ते बरोबरच ऐकले. ‘यूज्ड टु’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप ही रचना आजच्या इंग्रजीत केवळ भूतकाळापुरती उरली आहे. बोलताना ‘यूज्ड’मधला शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘टु’मध्ये विरून जातो, त्यामुळे आपण ‘यूज टु’ म्हटले काय किंवा ‘यूज्ड टु’ म्हटले काय, इंग्रजी ज्याची रोजची भाषा आहे त्याच्या कानावर एकच गोष्ट पडते: पूर्वी जात असे, आता जात नाही. आजही चालू असलेल्या रोजच्या गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’ एवढेच म्हणावे, आणि ‘सहसा’ असे सुचवायचे असेल तर ‘आय यूज्वली गो’ म्हणावे. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय यूज टु रीड अ लॉट’ असे अभिमानाने सांगणारा उमेदवार आपले वाचन सुटल्याची कबुली देत असतो, हे त्याच्या गावीही नसते.

ही चूक आपल्याकडे इतकी पसरण्याचे कारण मला मराठीतच दिसते. आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ आहे आणि रीतिवर्तमानकाळही आहे: ‘मी जात असे’ आणि ‘मी जात असतो’. जुन्या गद्यात ‘तो रोज देवळात जाई’ असे रूप भेटते, बोलताना आपण ‘जायचो’ म्हणतो. ‘जात असे’ला ‘यूज्ड टु गो’ हा चपखल जोडीदार मिळाला, की ‘जात असतो’लाही तसाच कोणी असेल असे वाटू लागते आणि आपण ‘ड’ काढून टाकून तो घडवतो. इंग्रजीत ती जागा साध्या वर्तमानकाळाने घेतली असल्याने वेगळ्या रूपाची गरजच राहिलेली नाही. एके काळी मात्र असे रूप होते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ११९व्या स्तोत्रात ‘ॲज दाउ यूजेस्ट टु डू अन्टु दोज दॅट लव्ह दाय नेम’ अशी ओळ आहे, आणि तिथे ‘तू वागत असतोस तसा’ असाच वर्तमानकाळी अर्थ आहे. तेव्हा आपली चूक तर्काला सोडून नाही. ती काही शतके उशिरा आली, इतकेच.

दुसरे कारण शाळेतले. ‘यूज्ड टु म्हणजे सवय होती’ असे फळ्यावर लिहून दिले जाते आणि ते जन्मभर डोक्यात राहते. वस्तुतः या रचनेत सवयीचा अर्थ असेलच असे नाही. ‘देअर यूज्ड टु बी अ वेल हिअर’ याचा अर्थ ‘इथे पूर्वी विहीर होती’ इतकाच. विहिरीला तिथे असण्याची सवय होती, असे कोणी म्हणणार नाही. ‘शी यूज्ड टु बी थिन’ म्हणजे ती पूर्वी बारीक होती. ‘पूर्वी असे, आता तसे नाही’ एवढेच या रचनेचे काम आहे, असे धरून चालल्यास निम्मे घोटाळे आपोआप मिटतात. ‘आता नाही’ हा भाग मात्र सूचित असतो, त्यामुळे तो खोडूनही काढता येतो: ‘ही यूज्ड टु राइट पोएम्स, ॲन्ड ही स्टिल डज’ हे वाक्य अगदी निर्दोष आहे.

प्रश्न : मी लातूरची बारावीची विद्यार्थिनी आहे. भूतकाळातील सवयीसाठी ‘यूज्ड टु’ आणि ‘वुड’ दोन्ही चालतात, असे मार्गदर्शक पुस्तकात दिले आहे. तरीही निबंधातले माझे ‘वी वुड हॅव अ बिग रेडिओ’ हे वाक्य चूक ठरवण्यात आले. असे का?

उत्तर : पुस्तकाने अर्धे सांगितले आणि अर्धे ठेवून दिले. ‘वुड’ भूतकाळात पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृती सांगते. टिकून राहिलेली स्थिती सांगणे तिला जमत नाही. रेडिओ जवळ असणे, एखाद्या गावी राहणे, कोणाला ओळखणे, एखादी गोष्ट आवडणे या स्थिती होत, म्हणून तिथे ‘वी यूज्ड टु हॅव अ बिग रेडिओ’ किंवा सरळ ‘वी हॅड अ बिग रेडिओ’ असेच लिहावे लागते. गंमत अशी की ‘वी वुड हॅव टी ॲट फोर’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे नसून चहा घेणे आहे. तेव्हा क्रियापदांची यादी पाठ करण्यापेक्षा, त्या वाक्यात कोणी काही करते आहे की काही नुसते आहे, हे पाहावे.

‘वुड’ची दुसरी अट काळाच्या चौकटीची आहे. वाचकाला आधी भूतकाळात नेऊन बसवले नाही, तर ‘आय वुड वॉक टु स्कूल’ हे वाक्य ‘जमले तर मी शाळेत चालत जाईन’ असे वाटते. म्हणून चांगले लेखक पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टु’ने किंवा साध्या भूतकाळाने दार उघडतात आणि पुढचा प्रसंग ‘वुड’वर चालवतात. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तिच्याविषयी लिहायचे तर ‘ट्राम्स यूज्ड टु रन इन बॉम्बे’ अशी सुरुवात करावी आणि मग ‘माय ग्रँडफादर वुड टेक वन टु दादर ॲन्ड वॉक होम फ्रॉम देअर’ असे पुढे जावे. प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टु’ येत राहिले, तर चूक काही होत नाही, पण परिच्छेद सरकारी पंचनाम्यासारखा वाचला जातो. आजोबा परळला राहत असत, हे सांगताना मात्र पुन्हा ‘ही यूज्ड टु लिव्ह इन परळ’ याच रचनेकडे यावे लागेल.

आणखी एक गोष्ट परीक्षेत हमखास विचारली जाते. किती वेळा किंवा किती वर्षे हे नेमके सांगितले की ‘यूज्ड टु’ही नको आणि ‘वुड’ही नको. ‘वी लिव्ड इन सोलापूर फॉर टेन इयर्स’, ‘आय वेन्ट टु पंढरपूर फोर टाइम्स’ असा साधा भूतकाळच तिथे शोभतो. ‘दर वर्षी मे महिन्यात आम्ही गावी जात असू’ हे मात्र तिन्ही प्रकारांनी सांगता येते, आणि शंका असेल तेव्हा ‘वी वेन्ट टु अवर व्हिलेज एव्हरी मे’ हे सर्वांत सुरक्षित. नकारात्मक ‘वुडन्ट’चा अर्थ बहुधा ‘करत नसे’ असा न होता ‘काही केल्या करेना’ असा होतो, हेही ध्यानात असावे: ‘द स्कूटर वुडन्ट स्टार्ट’ म्हणजे स्कूटर सुरूच होईना.

प्रश्न : ‘डिड यू यूज टु’ लिहावे की ‘डिड यू यूज्ड टु’? दोन्ही छापलेले दिसतात. (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : ‘डिड’ने भूतकाळ आधीच घेतल्यामुळे पुढे मूळ रूप यावे, म्हणून ‘डिड यू यूज टु’ आणि ‘आय डिडन्ट यूज टु’ हेच लिहावे. उच्चारात दोन्ही सारखेच असल्याने इंग्रजी भाषकही लिहिताना घसरतात, आणि छापील मजकुरात तुम्हाला दोन्ही रूपे दिसतात ती त्यामुळे. ‘यूज्डन्ट टु’ हे जुने ब्रिटिश रूप आता शिकवण्यात अर्थ नाही. नकार टोकदार हवा असेल तर ‘आय नेव्हर यूज्ड टु लाइक कॉफी’ ही वाट सोपी आहे. उच्चाराकडे मात्र वर्गात अवश्य लक्ष द्यावे. वापरण्याच्या अर्थाच्या ‘यूज्ड’मध्ये घोष ध्वनी असतो, तर सवयीच्या रचनेत स्वच्छ ‘स’ ऐकू येतो आणि दोन्ही शब्द मिळून जवळजवळ ‘यूस्टु’ असे होतात. ‘धिस नाइफ इज यूज्ड टु कट पेपर’ म्हणजे ही सुरी कागद कापायला वापरली जाते. इथे ‘यूस्टु’ म्हटले की ऐकणारा गोंधळतो.

प्रश्न : मी नागपूरला परिचारिका आहे. परदेशी रुग्णालयाच्या ऑनलाइन मुलाखतीत मी ‘आय ॲम यूज्ड टु वर्क इन नाइट शिफ्ट’ असे म्हटले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी उत्तर पुन्हा उच्चारताना ‘वर्किंग’ असा शब्द वापरला. ‘टु’नंतर मूळ रूप येते असेच आम्ही शिकलो आहोत.

उत्तर : ‘टु’ दोन प्रकारचे आहेत आणि दिसायला जुळे आहेत. ‘आय वॉन्ट टु गो’मधला ‘टु’ क्रियापदाला चिकटलेला असतो. ‘आय ॲम यूज्ड टु’मधला ‘टु’ हे शब्दयोगी अव्यय असून त्याला पुढे नाम हवे असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: पुढे ‘इट’ ठेवून पाहावे. ‘आय ॲम यूज्ड टु इट’ हे वाक्य चालते, म्हणून इथे क्रियापद आणायचे झाल्यास त्याला ‘आयएनजी’ लावून नामासारखे करून घ्यावे लागते. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु’ याचेही तसेच आहे. तुमचे उत्तर ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग नाइट्स’ असे हवे होते. ‘इन नाइट शिफ्ट’ऐवजी ‘ऑन द नाइट शिफ्ट’ असेही म्हणता आले असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थाचा आहे. ‘आय ॲम यूज्ड टु’ हे वाक्य तुम्ही ते काम किती वेळा करता ते सांगत नाही. ते तुम्हाला जड जात नाही, एवढेच सांगते. मराठीत ‘सवय आहे’ हा एकच शब्दप्रयोग दोन्हीकडे चालतो, म्हणून आपली गल्लत होते. ‘मला थंडीची सवय आहे’ म्हणजे थंडी अंगवळणी पडली आहे, तिथे ‘आय ॲम यूज्ड टु द कोल्ड’. ‘त्याला नखे खाण्याची सवय आहे’ ही खोड झाली, तिथे ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ बाइटिंग हिज नेल्स’ किंवा नुसते ‘ही बाइट्स हिज नेल्स’. मराठी वाक्यात ‘अंगवळणी पडणे’ बसते की ‘खोड’ बसते, हे पाहून इंग्रजी रचना निवडली तर सहसा चुकत नाही.

‘यूज्ड’च्या मागे ‘बी’च्या जागी ‘गेट’ आले, की झालेली सवय सोडून होत असलेल्या सवयीकडे आपण येतो, आणि इथे इंग्रजी फार बारीक टप्पे दाखवू शकते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत, त्या दिवसापासून १०० नवे पैसे झाले. त्या पिढीविषयी लिहायचे तर ‘पीपल यूज्ड टु काउंट इन आनाज’ हे जुन्या रीतीचे वर्णन झाले, आणि ‘दे वेअर यूज्ड टु काउंटिंग इन आनाज’ म्हणजे आण्यांचा हिशेब त्यांच्या हाताबोटांत बसला होता. या दोन वाक्यांत फक्त ‘वेअर’ आणि ‘आयएनजी’चा फरक आहे, पण पहिले वाक्य काय करत ते सांगते आणि दुसरे काय सोपे जाई ते सांगते. ‘दे वेअर नॉट यूज्ड टु द न्यू कॉइन्स’ ही पहिल्या दिवसांची अडचण. ‘दे वेअर गेटिंग यूज्ड टु देम’ म्हणजे हळूहळू जमू लागले होते. ‘बाय देन दे हॅड गॉट यूज्ड टु देम’ म्हणजे तोवर सवय होऊन चुकली होती. एखाद्या आजीविषयी ‘शी नेव्हर क्वाइट गॉट यूज्ड टु देम’ असेही लिहिता येईल. पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणणे पुढेही चालूच राहिले, त्यासाठी ‘दे वेन्ट ऑन कॉलिंग इट फोर आनाज’ ही तिसरीच रचना लागते.

भविष्यकाळ दिलासा देण्याच्या कामी येतो: अमेरिकेत नव्याने गाडी चालवणाऱ्या भाच्याला ‘यू विल गेट यूज्ड टु ड्रायव्हिंग ऑन द राइट’ असे सांगावे. ‘आय ॲम हॅबिच्युएटेड टु’ ही आपल्याकडची लाडकी रचना चूक नाही, पण ती जड आहे आणि बाहेरच्या श्रोत्याला पुस्तकी वाटते. मुलाखतीत टाळलेली बरी.

प्रश्न : माझ्या मुलाला आता कुठे वाचनाची सवय लागते आहे. ‘ही इज गेटिंग यूज्ड टु रीडिंग’ म्हणावे का? (एक पालक, मडगाव)

उत्तर : नाही. त्या वाक्यातून वाचन त्याला आधी त्रासाचे वाटत होते आणि आता तो ते सोसू लागला आहे, असा भाव निघतो. कदाचित तेच खरे असेल, पण तुम्हाला ते सांगायचे नसावे. मुद्दाम लावून घेतलेल्या सवयीसाठी ‘ही इज गेटिंग इन्टु द हॅबिट ऑफ रीडिंग’ म्हणावे. अलीकडे आपसूक जडलेल्या गोष्टीसाठी ‘टेक टु’ फार सुंदर आहे: ‘ही हॅज टेकन टु रीडिंग इन बेड’. इथेही ‘टु’नंतर ‘आयएनजी’च येते, कारण वर सांगितलेलेच. नको त्या सवयीत अडकण्यास ‘फॉल इन्टु द हॅबिट’, सवय हळूहळू सुटण्यास ‘गेट आउट ऑफ द हॅबिट’ आणि निश्चयाने मोडण्यास ‘ब्रेक द हॅबिट’ असे म्हणतात.

प्रश्न : ‘मी जूनपासून व्यायामशाळेत जातो’ याचे ‘आय ॲम गोइंग टु द जिम सिन्स जून’ हे भाषांतर आमच्या कार्यालयात सगळेच करतात. ते खटकते, पण का ते सांगता येत नाही. (एक संगणक अभियंता, पुणे)

उत्तर : मराठीत ‘पासून’बरोबर साधा वर्तमानकाळ सहज बसतो, इंग्रजीत बसत नाही. मागे कधीतरी सुरू होऊन आजवर चालत आलेल्या सवयीसाठी इंग्रजीला ‘आय हॅव बीन गोइंग टु द जिम सिन्स जून’ असेच लागते. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर सिक्स मन्थ्स’ दिसले की मागे ‘हॅव’ शोधावे.

‘आय ॲम गोइंग’ला सवयीच्या प्रांतात जागा आहे, पण ती तात्पुरत्या सवयीची. नेहमी गाडीने जाणारा माणूस गाडी दुरुस्तीला दिल्यावर ‘आय ॲम गोइंग टु वर्क बाय बस धीज डेज’ म्हणेल. आपला ‘हल्ली’ आणि हे ‘धीज डेज’ यांचे चांगले जमते. कायमच्या गोष्टीसाठी हा काळ वापरला, तर ऐकणाऱ्याला ही व्यवस्था चार दिवसांची आहे असे वाटते. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणणारा पुणेकर लवकरच पुणे सोडणार आहे, असा समज होऊ शकतो.

याच काळात ‘ऑल्वेज’ मिसळले की तक्रार तयार होते. ‘ही ऑल्वेज लूजेस हिज कीज’ ही माहिती झाली. ‘ही इज ऑल्वेज लूजिंग हिज कीज’ यात बोलणाऱ्याचा वैताग ऐकू येतो. मराठीत हे काम आपण ‘सारखा किल्ल्या हरवत असतो’मधल्या ‘सारखा’वर सोपवतो. साहेबांविषयी बोलताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

प्रश्न : कर्मचारी वारंवार उशिरा येतो, असे ज्ञापनात लिहायचे आहे. ‘ही यूज्ड टु कम लेट’ चालेल का? (एक कार्यालयीन अधीक्षक, अमरावती)

उत्तर : चालणार नाही, त्या वाक्याने कर्मचारी सुधारल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे खुलासा मागवण्याला आधारच राहत नाही. ‘यू आर इन द हॅबिट ऑफ कमिंग लेट’ हे बरोबर आहे आणि त्यात ठपकाही आहे. ‘हॅबिच्युअल लेटकमर’ हा आपल्या कार्यालयांचा घरचा शब्द आहे. त्याचा अर्थ सर्वांना कळतो, पण ज्ञापनात विशेषण लावण्याऐवजी घटना लिहावी, असे माझे मत आहे. ‘यू हॅव बीन कमिंग लेट सिन्स द फर्स्ट ऑफ धिस मन्थ’ असे लिहून पुढे हजेरीपटातील तारखा जोडाव्यात.